पूर्वजांचा अभिमान धरावा काय?

जी गोष्ट मी स्वतः केली नाही, तिचा अभिमान मला धरता येतो काय? प्रश्न साधा दिसतो, म्हणून बहुतेक लोक त्याचे उत्तर न देताच पुढे जातात. आजोबांनी गावात विहीर बांधली म्हणून नातू ताठ मानेने चालतो. वस्तुतः ती विहीर खणताना त्याच्या घामाचा एक थेंबही पडलेला नसतो. परंतु त्याच आजोबांनी त्या विहिरीला गावातल्या अमुक लोकांना हात लावू दिला नाही, असे कोणी दाखवून दिले, की तोच नातू म्हणतो, ‘ते जुन्या काळचे लोक, त्यांच्या करणीशी माझा काय संबंध?’ म्हणजे विहीर माझी आणि बंदी त्यांची! हिशेबाची ही तऱ्हा जगात सर्वत्र आढळते. एखाद्या घरापुरती ती असेल तर हसून सोडून द्यावी. पण हाच हिशेब राष्ट्राच्या नावाने मांडला जातो, तेव्हा त्यातून कोणाला मान मिळायचा आणि कोणी दाराबाहेर उभे राहायचे हे ठरू लागते. म्हणून तो नीट तपासला पाहिजे.

या तपासणीसाठी आपण इंग्लंडकडे जाऊ. तेथे ‘इंग्लंडचा वारसा, देशप्रेम आणि समाजजीवन’ यांचा गौरव करणारी मंडळे गावोगाव आहेत, त्यांतील काही फार जुनी आहेत, आणि या प्रश्नावरचा सर्वांत मोठा वादही अशाच एका मंडळाच्या वार्षिक सभेतून पेटला होता.

आजच्या मंडळांतले एक प्रसिद्ध मंडळ म्हणजे रॉयल सोसायटी ऑफ सेंट जॉर्ज. हे १८९४ साली स्थापन झाले आणि १९६३ साली त्याला राजसनद मिळाली. त्याच्या शाखा इंग्लंडमध्ये ठिकठिकाणी आणि परदेशांतही आहेत. दरवर्षी २३ एप्रिलला सेंट जॉर्जचा दिवस पाळायचा, पांढऱ्यावर तांबडा क्रूस असलेले निशाण लावायचे, मेजवानी करायची, इंग्लंडच्या नावाने पेला उंचवायचा, असे त्यांचे कार्यक्रम असतात. यात हसण्यासारखे काही नाही. माणसाला चार माणसांत बसावेसे वाटते, आपण कोणाचे तरी आहोत असे वाटावे लागते. गिरणी बंद पडलेल्या, तरुण पोरे शहराकडे निघून गेलेल्या एखाद्या गावात वर्षातून एकदा म्हातारीकोतारी एकत्र येऊन जेवतात, तर त्याला नावे ठेवणाऱ्याचे मनच कोते म्हणावे लागेल.

पण ज्याच्या नावाने ही मेजवानी होते तो सेंट जॉर्ज कोण? परंपरा सांगते की त्याचे कूळ आजच्या तुर्कस्थानातील कॅपाडोशियाचे, आईचे गाव पॅलेस्टाइनमधील लिड्डा, आणि रोमन बादशहा डायोक्लेशियनच्या छळात सुमारे ३०३ साली त्याला मारण्यात आले. इंग्लंडच्या भूमीवर त्याने कधी पाऊल ठेवले नाही. त्या वेळी इंग्लंड नावाचा देशच नव्हता! राक्षसी सर्प मारल्याची गोष्ट त्याला कित्येक शतकांनंतर चिकटली. तो जॉर्जियाचाही रक्षक, इथिओपियाचाही, स्पेनमधल्या कॅटलोनियाचाही. बेथलेहेमजवळच्या अल्-खद्र गावी ख्रिस्ती आणि मुसलमान दोघेही त्याच्या ठाण्याला जातात. इंग्लंडने त्याला आपला केला तो राजांच्या युद्धांमुळे. तिसऱ्या एडवर्डने १३४८ च्या सुमारास आपल्या सरदारांचा ‘गार्टर’ वर्ग स्थापिला तेव्हा सेंट जॉर्जला त्याचा रक्षक नेमले, आणि पुढे १४१५ मध्ये आजिंकूरची लढाई जिंकल्यावर त्याच्या सणाचा दर्जा वाढविण्यात आला. म्हणजे ज्याच्या निशाणाखाली ‘बाहेरचे’ आणि ‘आतले’ अशी विभागणी कधी कधी केली जाते, तो स्वतः बाहेरचा. २०२५ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या अनेक वस्त्यांत दिव्यांच्या खांबांवर हे निशाण चढविले गेले. काहींना ते पाहून घरी आल्यासारखे वाटले, तर काहींना ती ‘तुम्ही येथले नव्हे’ अशी पाटी वाटली. एकाच कापडाचे दोन अर्थ झाले. कापडात दोष नाही. ते कोणी, कोणाच्या दारासमोर आणि कोणत्या हेतूने लावले, यावर अर्थ ठरला.

आता मूळ वादाकडे वळू.

१७८९ सालच्या नोव्हेंबरची ४ तारीख. लंडनमध्ये ‘ग्रेट ब्रिटनमधील क्रांतीच्या स्मरणार्थ’ स्थापलेले एक मंडळ होते. ही क्रांती म्हणजे १६८८ ची. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात आपण तिला ‘रक्तहीन राज्यक्रांती’ म्हणून शिकतो आणि वर्गात शिकवतोही. (आयर्लंडमध्ये तिच्यासाठी पुष्कळ रक्त सांडले, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात मावत नाही.) दुसरा जेम्स हा राजा गेला, विल्यम आणि मेरी गादीवर आली, १६८९ मध्ये हक्कांची सनद झाली आणि पार्लमेंटच्या संमतीवाचून कर बसविण्याचा राजाचा अधिकार बंद झाला. शंभर वर्षांनंतरही या घटनेचा उत्सव होत असे. मंडळाचे सभासद दरवर्षी प्रवचन ऐकत आणि मग ‘लंडन टॅव्हर्न’मध्ये जेवायला बसत. थोडक्यात, देशाच्या वारशाचा गौरव करणारे ते एक मंडळच होते.

त्या वर्षी प्रवचनाला उभे राहिले रिचर्ड प्राइस. वय ६६, जन्म वेल्समधला, लंडनजवळच्या न्यूइंग्टन ग्रीन येथील प्रार्थनागृहाचे धर्मोपदेशक, शिवाय मोठे गणिती. विम्याच्या हिशेबांचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. पण ते राजमान्य चर्चचे नव्हते, आणि राजमान्य चर्चबाहेरच्या लोकांना त्या काळी इंग्लंडात कायद्याने सरकारी अधिकारपदे मना होती. त्यांच्या मुलांना ऑक्सफर्डमध्ये प्रवेश नाही आणि केंब्रिजमध्ये शिकले तरी पदवी नाही, अशी स्थिती होती. पदांवरची ही बंदी १८२८ साली उठली, विद्यापीठांचे दार तर १८७१ पर्यंत पुरते उघडले नाही. वाचकहो, हे ध्यानात ठेवा. स्वातंत्र्याच्या उत्सवात बोलायला उभा राहिलेला हा माणूस त्याच स्वातंत्र्याच्या पंगतीत अर्धपोटी ठेवलेला होता.

त्यांचा विषय होता देशप्रेम. त्यांनी पहिलीच गोष्ट अशी सांगितली की देश म्हणजे जमीन नव्हे, आपण ज्या मातीवर जन्मलो तिचा तो तुकडा नव्हे. ज्यांच्याशी आपण एका राज्यघटनेने, एका कायद्याने, एकमेकांच्या रक्षणाच्या बंधनाने बांधलेले आहोत, त्या माणसांचा समुदाय म्हणजे देश. दुसरी गोष्ट, देशावर प्रेम करायचे म्हणून तो इतर देशांहून थोर आहे असे मानण्याची गरज नाही. बाप आपल्या मुलांवर प्रेम करतो ते गावात सर्वांत हुशार तीच आहेत म्हणून नव्हे. तिसरी, देशप्रेम आणि दुसऱ्यांवर राज्य करण्याची हाव या दोन गोष्टी एक नाहीत, उलट दुसरीने पहिलीचा नाश होतो. आणि मग, ज्यासाठी उत्सव भरला होता त्या १६८८ च्या क्रांतीविषयी ते काय म्हणाले? ती थोर होती, पण अपुरी राहिली. धर्मस्वातंत्र्य सर्वांना मिळाले नाही. पार्लमेंटमध्ये लोकांचे प्रतिनिधित्व असावे तसे नाही.

उत्सवाच्या दिवशी उत्सवमूर्तीतली उणीव दाखविणे, ही गोष्ट यजमानांना रुचणारी नसते. परंतु त्या मंडळाने त्यांना हाकलले नाही. जेवणानंतर त्यांनी फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेला अभिनंदनाचा ठराव पाठविला, कारण चारच महिन्यांपूर्वी पॅरिसमध्ये बॅस्टिलचा तुरुंग पडला होता.

हे प्रवचन वाचून एडमंड बर्क खवळले. त्यांचा ग्रंथ १७९० साली निघाला, आणि वारशाच्या बाजूने त्याहून समर्थ लेखन इंग्रजीत क्वचितच झाले असेल. बर्क यांना आपण केवळ प्रतिगामी म्हणून झटकून टाकू नये. वॉरन हेस्टिंग्जने हिंदुस्थानात केलेल्या जुलमाबद्दल त्याच्यावर पार्लमेंटपुढे खटला चालविण्यात त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे घालविली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. इंग्रजांचे हक्क म्हणजे वाडवडिलांकडून आलेली इस्टेट. ती उपभोगावी, जपावी, दुरुस्त करावी, पण मोडून विकून खाऊ नये. समाज ही मेलेल्यांची, जिवंतांची आणि अजून जन्मायच्या आहेत त्यांची भागी आहे. आजच्या पिढीने आपल्या अकलेच्या तोऱ्यात शेकडो वर्षांची घडी विस्कटू नये.

या म्हणण्यात खरेपणाचा मोठा अंश आहे. आपण बोलतो ती भाषा, खातो ते बियाणे, चालतो तो रस्ता, काहीही आपण एकट्याने निर्माण केलेले नाही. मागच्यांविषयी कृतज्ञता नसलेला माणूस पुढच्यांची तरी काय पर्वा करणार? परंतु बर्क यांच्या भागीत एक गोम आहे. भागी म्हटली की भागीदारांची यादी निघते, आणि प्रत्येकाच्या नावापुढे हिस्सा लिहावा लागतो. इस्टेट ज्याच्या वाट्याला आली तो ती जपेल. ज्याच्या बापाला त्या इस्टेटीत केवळ राबायला ठेवले होते, त्याने काय जपायचे?

हा प्रश्न दोघांनी लगेच विचारला. बर्क यांना उत्तर देणाऱ्यांत अगदी पुढे होती मेरी वुलस्टनक्राफ्ट, न्यूइंग्टन ग्रीनला शाळा चालवलेली आणि प्राइस यांची प्रवचने ऐकलेली एक शिक्षिका. तिचे उत्तर बर्क यांचा ग्रंथ निघाला त्याच महिन्यात छापून आले. दुसरा टॉमस पेन, थेटफर्ड गावच्या चोळ्यांचे ताणे बनविणाऱ्या कारागिराचा मुलगा. पेन यांचा मुद्दा एका वाक्यात सांगता येतो. मेलेल्यांना जिवंतांवर हुकूम चालविण्याचा अधिकार नाही. प्रत्येक पिढी आपल्यापुरती मुखत्यार आहे. पूर्वजांनी आपल्या वतीने करार केला असे म्हणणे म्हणजे, आपण जन्मायच्या आधी आपला अंगठा कागदावर उठवून घेणे होय.

येथे आपला विषय आपल्या घराशी येऊन भिडतो. बरोबर १५९ वर्षांनंतर, त्याच ४ नोव्हेंबरला, १९४८ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारताच्या घटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडला. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात, घटना बदलण्याची तरतूद सोपी का ठेवली हे सांगताना त्यांनी अमेरिकेच्या जेफरसन यांचा आधार घेतला. प्रत्येक पिढी म्हणजे जणू एक स्वतंत्र राष्ट्र, तिने स्वतःला बांधून घ्यावे, पण पुढच्या पिढीला बांधण्याचा अधिकार तिला नाही, असे जेफरसन यांचे मत होते. म्हणजे प्राइस-बर्क-पेन यांच्या वादात बाबासाहेब कोणत्या बाजूला होते ते उघड आहे. तारखांचा हा मेळ अर्थातच योगायोगाचा, त्यात चमत्कार शोधू नये.

पेन यांचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १७९२ च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये जॉन रीव्ह्ज यांनी एक मंडळ काढले. त्याचे नाव लांबलचक होते, पण आशय इतकाच की स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांचे प्रजासत्ताकवादी व ‘लेव्हलर’ यांच्यापासून रक्षण करायचे. लेव्हलर म्हणजे सगळ्यांना एका पातळीवर आणू पाहणारे. देशभर या धर्तीची स्थानिक देशभक्त मंडळे निघाली. त्या हिवाळ्यात गावोगाव पेन यांचे पुतळे करून जाळण्यात आले. डिसेंबरात त्यांच्या गैरहजेरीत खटला चालून ते दोषी ठरले. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै १७९१ मध्ये, बर्मिंगहॅमला ‘चर्च आणि राजा’ यांचा जयघोष करणाऱ्या जमावाने प्राइस यांचे मित्र, शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांचे घर आणि प्रयोगशाळा जाळली होती. जाळणारे स्वतःला देशभक्तच समजत होते.

आणि १९६४ मध्ये थेटफर्डच्या लोकांनी काय पाहिले? त्याच पेन यांचा सोनेरी मुलामा दिलेला पुतळा गावात उभा राहिला. आज गावाला भेट देणाऱ्यांना तो अभिमानाने दाखविला जातो. ज्याचा पुतळा जाळला त्याचाच पुतळा उभारला! म्हणजे ‘वारसा’ ही काही जमिनीत पुरलेली तयार मोहर नाही, की खणली आणि मिळाली. प्रत्येक पिढी मागच्या ढिगाऱ्यातून काही उचलते, काही तसेच ठेवते. निवड होतेच. तेव्हा ‘आम्ही फक्त परंपरा पाळतो, निवड वगैरे काही करीत नाही’ असे जो म्हणतो, त्याने निवड केलेलीच असते, फक्त तिचा जाब द्यायची त्याची तयारी नसते.

ही निवड कशी होते त्याचा एक नमुना रॉयल सोसायटी ऑफ सेंट जॉर्जच्याच मेजवानीतला आहे. ६ मे १९२४ रोजी तेथे स्टॅन्ली बाल्डविन यांचे भाषण झाले. ते एकदा पंतप्रधान होऊन गेले होते आणि पुन्हा होणार होते. (मुंबईत जन्मलेले कवी रडयार्ड किपलिंग त्यांचे मावसभाऊ.) इंग्लंड म्हटले की त्यांना काय आठवते ते त्यांनी सांगितले. लोहाराच्या ऐरणीचा नाद, सकाळच्या दवातला पक्ष्याचा आवाज, विळ्याला धार लावल्याचा खरखराट, टेकडीवरून येणारी नांगराची जोडी. भाषण सुंदर होते. पण त्या वेळी इंग्लंडची फार मोठी बहुसंख्या खेड्यात राहातच नव्हती. ती कोळशाच्या खाणींत आणि गिरण्यांत होती. बाल्डविन यांचे स्वतःचे घराणे लोखंडाच्या कारखानदारीतले! आणि त्या नांगरामागे चालणाऱ्या मजुराचे काय? १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटपुढे गावांच्या सामाईक जमिनींना कुंपण घालणारी पाच हजारांहून अधिक विधेयके आली. इंग्लंडचा पाचवा हिस्सा जमीन त्यांनी व्यापली. जेथे गरिबाची गाय चरत होती तेथे कुंपण आले. डॉर्सेटमधील टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांनी मजुरी घटू नये म्हणून संघ काढला, तर १८३४ मध्ये गुप्त शपथ घेतल्याच्या आरोपावरून त्यांना सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा देऊन ऑस्ट्रेलियाला धाडले. ऐरणीचा नाद या लोकांनीही ऐकलाच असेल.

खेड्याचे असे गोड चित्र काढण्याची सवय इंग्रज अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानातही आणली होती. चार्ल्स मेटकाफ यांनी येथील खेड्यांना लहान लहान प्रजासत्ताके म्हटले आणि आपले पुढारी त्या शब्दांवर भाळले. बाबासाहेबांनी त्याच १९४८ च्या भाषणात मेटकाफ यांचे ते वर्णन वाचून दाखविले आणि त्या खेड्याविषयी आपले कठोर मतही सांगितले. जो गावकुसाबाहेर राहतो त्याला गावाचे चित्र वेशीच्या दुसऱ्या बाजूने दिसते. समाजजीवनाचा गौरव ऐकला की आपण पहिल्यांदा विचारावे, हे चित्र कोणत्या ओट्यावर बसून काढले आहे?

आता हिशेबाची दुसरी बाजू. शेतकऱ्याला ठाऊक असते की बापाची जमीन नावावर झाली की सातबाऱ्यावरचा बोजाही आपल्याकडे येतो. सोसायटीचे कर्ज बापाने काढले म्हणून मुलाला ‘मी नव्हे त्यातला’ असे म्हणता येत नाही. जमीन घ्यायची तर बोजासकट घ्या, नाहीतर जमीनही सोडा. राष्ट्राच्या वारशालाही हाच न्याय लागू आहे, आणि इंग्लंडच्या बाबतीत तर तो अक्षरशः लागू झाला. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द झाली, हे इंग्लंडच्या अभिमानाचे मोठे पान. पण त्या कायद्याने दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई ठरविली ती गुलामांसाठी नव्हे, त्यांच्या मालकांसाठी. त्यासाठी सरकारने कर्ज काढले आणि त्या कर्जाची शेवटची बाकी २०१५ साली फिटली. म्हणजे गुलामांची जी पणतवंडे ब्रिटनमध्ये कामाला आली, त्यांनी भरलेल्या करातून त्यांच्याच पूर्वजांच्या मालकांना दिलेली रक्कम फेडली गेली! आता कोणी म्हणावे, ‘झाले गेले, त्याच्याशी आजच्या लोकांचा संबंध नाही.’

ब्रिस्टल शहरात एडवर्ड कोल्स्टन नावाचा व्यापारी होऊन गेला, १६३६ ते १७२१. शहराच्या शाळांना व गरिबांच्या आश्रयगृहांना त्याने पुष्कळ दान दिले. त्याचा जन्मदिवस पाळणारे कोल्स्टन मंडळ १७२६ पासून होते. १८९५ मध्ये त्याचा पुतळा उभारला गेला आणि त्यावर तो सद्गुणी व सुज्ञ असल्याचे कोरले. हाच कोल्स्टन रॉयल आफ्रिकन कंपनीचा एक कारभारी होता. तो त्या कारभारात असताना कंपनीने सुमारे चौऱ्याऐंशी हजार आफ्रिकी माणसे अटलांटिकपार नेली, त्यांतील सुमारे एकोणीस हजार वाटेतच मेली. दान खरे होते आणि दानाचे पैसेही खरे होते. कृतज्ञ मंडळाने फक्त दान लक्षात ठेवले. पुतळ्यावर खरी माहिती देणारी पाटी लावावी अशी मागणी झाली, तर तिच्या शब्दांवरून वाद होत राहिला आणि पाटी लागलीच नाही. अखेर ७ जून २०२० रोजी जमावाने तो पुतळा पाडून गोदीच्या पाण्यात ढकलला, आणि त्याच वर्षी दोनशे चौऱ्याण्णव वर्षांचे ते मंडळ विसर्जित झाले. जमावाने पुतळे पाडावेत असे मी म्हणत नाही. प्रीस्टली यांचे घरही जमावानेच जाळले होते. पण एक खरी पाटी लावू न देणाऱ्यांनी पुतळा पाण्यात जाण्यास किती हातभार लावला, याचाही विचार व्हावा.

याच ब्रिस्टलमध्ये १९६३ साली घडलेली गोष्ट मला या साऱ्या विषयात सर्वांत बोलकी वाटते. तेथील बस कंपनी काळ्या व आशियाई माणसांना वाहक किंवा चालक म्हणून घेत नसे. कामगार संघटनेच्या शाखेनेही तसा ठराव केलेला होता. म्हणजे येथे मालक आणि कामगार एक झाले होते. ज्याला आपण कामगारांची एकजूट म्हणतो तिलाही वेस असते, हे आपल्या गिरणगावातल्या कापडखात्याचा इतिहास जाणणाऱ्याला वेगळे सांगायला नको. तेव्हा पॉल स्टीफन्सन या तरुणाने व त्याच्या सहकाऱ्यांनी ३० एप्रिलपासून बसवर बहिष्कार पुकारला. विद्यार्थी आले, गोरे नागरिक आले. २८ ऑगस्टला कंपनीने भेदाचा नियम सोडला. सप्टेंबरात जो पहिला बिगरगोरा वाहक नेमला गेला तो रघबीर सिंग नावाचा शीख होता. दोनच वर्षांनी, १९६५ मध्ये, ब्रिटनमध्ये वंशभेदाविरुद्ध पहिला कायदा झाला.

आता सांगा, १६८९ च्या हक्कांच्या सनदेचा खरा वारस कोण? ज्यांच्या पूर्वजांनी ती लिहिली ते वाहक, की ज्यांना त्या हक्कातून वगळले होते ते बहिष्कार करणारे? त्या सनदेत कृष्णवर्णीयांचे नाव नव्हते. १६८८ नंतरच गुलामांच्या व्यापारावरची एका कंपनीची मक्तेदारी ढासळली आणि १६९८ पासून तो सर्व इंग्रज व्यापाऱ्यांना खुला झाला, ही त्या स्वातंत्र्याची काळी बाजू. तरीही ‘सत्तेने जाब दिला पाहिजे’ हे तत्त्व त्या चळवळीतल्या माणसांनी उचलले आणि ते जेथवर कधी गेले नव्हते तेथवर नेले. जमीन रक्ताच्या नात्याने मिळते. तत्त्वाचे तसे नाही. तत्त्व त्याचे, जो ते चालवितो. म्हणून मी असे मानतो की पूर्वजांच्या चांगल्या कृत्याचा निव्वळ अभिमान हा नैतिकदृष्ट्या शून्य किमतीचा आहे. ते कृत्य आपल्या काळात, आपल्या खर्चाने पुढे नेणाऱ्यालाच त्या अभिमानाचा हक्क पोचतो. असा माणूस बहुधा अभिमान मिरवीतही नाही, कारण त्याला वेळ नसतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. कोणी म्हणेल, ‘अशी झडती घेत बसलात तर कोणताही समाज टिकायचा नाही. मुलाला आपल्या घराण्याची माया लागते ती हिशेब तपासून नव्हे.’ हे खरे आहे. माया तपासून लागत नाही. म्हणून तर प्राइस यांनी प्रेम आणि थोरवी या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. आपल्या गावावर प्रेम करायला गाव थोर असावे लागत नाही. पण आपले गाव थोर आहे असे जगाला सांगायचे असेल तर मात्र पुरावा आणावा लागेल, आणि जो पुरावा आणायला गेला त्याला सगळी कागदपत्रे उघडावी लागतील. जॉर्ज ऑर्वेल यांनीही १९४५ मध्ये, स्वतःच्या देशाची ओढ आणि आपल्या गटाच्या वर्चस्वाची भूक यांत असाच भेद केला. जेथे पहिल्या भावनेचे नाव घेऊन दुसरी पोसली जाते, तेथे सावध राहावे. १९६१ च्या एप्रिलमध्ये ईनॉक पॉवेल यांनी सेंट जॉर्जच्या मंडळापुढे इंग्लंडच्या अखंड परंपरेचे हळवे भाषण केले. सात वर्षांनी, १९६८ च्या एप्रिलमध्ये, बर्मिंगहॅमला त्यांनीच बाहेरून आलेल्यांविरुद्ध ते भाषण केले, ज्याच्यामुळे त्यांना पक्षाच्या पुढाऱ्यांतून काढण्यात आले. पहिले भाषण ऐकताना किती श्रोत्यांना दुसऱ्याची चाहूल लागली असेल?

इंग्लंडमध्ये वारशाचा उत्सव वेगळ्या रीतीनेही होतो. ऑक्सफर्डशायरमधील बर्फर्ड या लहान गावी १९७५ पासून दर वर्षी मे महिन्यात लोक जमतात. १६४९ साली क्रॉमवेलच्या सैन्यातील काही शिपायांनी थकलेला पगार मागितला, आयर्लंडवर चालून जायला नकार दिला. ते लेव्हलर होते, रीव्ह्ज यांच्या मंडळाला दीडशे वर्षांनंतरही ज्यांचे नाव घेऊन भीती घालावीशी वाटली तेच. त्यांतील तीनशेहून अधिक जणांना पकडून गावच्या चर्चमध्ये कोंडले आणि १७ मे रोजी तिघांना इतरांच्या डोळ्यांदेखत भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या. हा उत्सव सुरू झाला तेव्हा गावातल्या काही प्रतिष्ठितांना तो पटला नाही. तरी भिंतीवर त्या तिघांच्या नावांची पाटी लागली. तेथे मिरवणूक निघते, गाणी होतात, आणि भाषणे होतात ती त्या वर्षी देशात जो अन्याय चालू असेल त्याच्याविषयी.

कोंडलेल्या त्या शिपायांत अँथनी सेडली नावाचा एक जण होता. बाहेर काय होणार हे कळत नसताना त्याने चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या कुंडाच्या शिशाच्या कडेवर चाकूने स्वतःचे नाव, साल आणि ‘कैदी’ हा शब्द कोरला. त्या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग चुकलेले आहे. आमच्या वर्गात आम्ही त्याखाली तांबडी रेघ मारली असती. चर्चवाल्यांनी ते शिसे बदलले नाही. पावणेचारशे वर्षे तान्ह्या मुलांना त्याच कुंडाशी आणले जाते, आणि ती अक्षरे अजून बोटाला लागतात.